दोन खुंट्यांचं लोकराज्य

आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या डाव्या हाताला भिंतीत दोन खुंट्या होत्या. एक आईची, एक आत्याची. त्यांच्यावर पिशवी, गाळणं, ओलं फडकं असलं काही कधी टांगलं जात नसे. तिथं एकच वस्तू लटकायची, ती म्हणजे खराट्याच्या बारा काड्यांची, लाल नाडीनं घट्ट बांधलेली जुडी. एक महिना ती आईच्या खुंटीवर, पुढचा महिना आत्याच्या. जिच्या खुंटीवर जुडी तिचं राज्य. भाजी कोणती, आमटीत काय, लोणच्याची बरणी कधी उघडायची, हे सगळं तिनं ठरवायचं आणि दुसरीनं मुकाट्यानं कणीक मळायची. घरी आलेली माणसं विचारत, "हे काय हो?" आई म्हणे, "यांना विचारा. माझ्या मते अंगण झाडायच्या काड्या फुकट अडकवून ठेवल्यात."

'हे' म्हणजे आमचे अण्णा. ठाण्याच्या एका शाळेत ते इतिहास शिकवत, पण त्यांचा जीव होता दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये. रोमच्या लोकराज्यावर मराठीत धड पुस्तक नाही ही गोष्ट त्यांना घरातल्या दुखण्यासारखी सतत सलायची, आणि म्हणून ते स्वतःच लिहायला बसले होते. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, बारीक तिरप्या अक्षरात. बादशहांचं रोम त्यांना अजिबात आवडत नसे. म्हणायचे, "लोकांनी राजाला हाकललं तिथून सुरुवात, आणि पुन्हा एका माणसाच्या पायाशी जाऊन बसले तिथं शेवट. मधलं तेवढंच आपलं." संध्याकाळी ओटीवर कंदील लावून त्या दिवशी लिहिलेलं ते आम्हाला वाचून दाखवत. आम्ही म्हणजे आई, वेणूआत्या, माझा मोठा भाऊ वसंता आणि मी.

तेव्हाची डोंबिवली आज कुणाला सांगून पटणार नाही. ओटीसमोर कुंपणाची मेंदी, मागच्या दारी विहीर, आणि विहिरीपलीकडे थेट रुळांपर्यंत भातखाचरं. गाडी यायची तेव्हा तिचा आवाज आधी जमिनीतून पायांना कळायचा, मग कानांना. अण्णा वाचत असत, बेडूक ओरडत असत, आई मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत असे, आणि त्या सगळ्यात माझं रोम तयार होत होतं. त्या रोममध्ये नदी होती ती आमची खाडी. वडीलधारे सभासद खाडीकाठच्या मिठागरांच्या बांधांवरून चालत यायचे, आणि त्यांचा तो पांढरा पायघोळ पोशाख म्हणजे अण्णा अंघोळीनंतर गुंडाळत तो पंचा. संगमरवर मी कधी पाहिला नव्हता, म्हणून मिठाच्या राशींनाच मी खांब आणि पायऱ्या करून टाकलं होतं. पुढे नोकरीतून निवृत्त झाल्यावर मुलानं खरंच रोम दाखवायला नेलं. सगळं पाहिलं, पण खोटं कशाला बोलू, मिठागरांवरचं माझं रोम जास्त चमकायचं.

खुंट्यांची गोष्ट आमटीतून निघाली. वेणूआत्या अण्णांची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला आणि कोकणातल्या सासरहून ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्याकडे आली ती राहिलीच. तिचा हात कोकणी. आमटीत आमसूल, वरून ओलं खोबरं. आईचं माहेर साताऱ्याकडचं. तिच्या आमटीत चिंच, गूळ आणि गोडा मसाला, आणि कोशिंबिरीपासून भाजीपर्यंत जिथं जागा सापडेल तिथं दाण्याचं कूट. दोघी भांडत नसत, हीच अडचण होती. आई चिंच घालून विहिरीवर गेली की आत्या येऊन हळूच दोन आमसुलं टाकायची, आणि जेवताना आंबटानं आम्हा सगळ्यांचे डोळे मिटायचे. अण्णा स्वतः आमसुलाचे, पण तसं म्हटलं असतं तर चूल पेटायच्या आधी घर पेटलं असतं. त्या दिवसांत त्यांचं प्रकरण चाललं होतं रोमच्या दोन कॉन्सलांवर. राजा नको म्हणून रोमकरांनी राज्य दोघांच्या हाती दिलं, एकाला दुसऱ्याचा धाक, आणि अधिकाराची ती काठ्यांची जुडी महिन्या-महिन्यानं एकाकडून दुसऱ्याकडे. वाचता वाचता अण्णा थांबले, जिभेवरची आमटी आठवल्यासारखे हसले, आणि दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन स्वयंपाकघरात शिरले.

जुडीमागोमाग सभा आली. रविवारी सकाळी चहा झाला की पाचही जण चटईवर बसायचं, घरातला प्रश्न मांडायचा आणि हात वर करून मत द्यायचं. अण्णांचा एक हात, माझाही एक हात. वसंताला रोमच्या धर्तीवर रस्ते आणि पाणी यांचा अधिकारी नेमलं, म्हणजे विहिरीवरून सकाळच्या कळश्या आणायचं काम त्याच्याकडे गेलं. आईनं पहिल्याच सभेत विचारलं, "रोममध्ये भांडी कोण घासायचं?"

अण्णा म्हणाले, "गुलाम."

"तरीच त्यांना सभा भरवायला सवड मिळायची," आई म्हणाली आणि उठून गेली. त्या दिवसापासून अण्णा आपलं ताट आपण घासू लागले.

आत्यानं मात्र ही थट्टा कधी केली नाही. तिच्या खुंटीवर जुडी यायची त्या दिवशी ती पहाटे न्हायची, चुलीला पोतेरं घालायची आणि जुडीच्या नाडीची गाठ नीट करून ठेवायची. देशात तेव्हा पहिल्यांदाच सगळ्यांना मत मिळणार होतं. घरोघर नावं लिहीत एक कारकून आला. आईनं दाराआडून 'मास्तरांची बायको' असं लिहायला सांगितलं, तर आत्या पुढे झाली, आईचं नाव ठणठणीत सांगितलं आणि मग स्वतःचं. त्या संध्याकाळी तिनं अण्णांना विचारलं, "दादा, तुझ्या रोममध्ये बायकांना मत होतं?"

अण्णांनी चष्मा पुसला. "नव्हतं गं."

"मग आपलंच रोम बरं," आत्या म्हणाली. मला तेव्हा नुसती गंमत वाटली. सासरी जिचं पान सगळ्यात शेवटी मांडलं जायचं, जिला लग्नामुंजीत पुढे यायची बंदी होती, तिला या घरात बारा काड्यांची जुडी मिळाली होती आणि हात वर केला की तो मोजला जात होता. आमचा खेळ होता तो. तिचा नव्हता.

आता माझ्या अधिकाराचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. आईच्या एका महिन्यात लागोपाठ तीन दिवस कारल्याची भाजी झाली, तेव्हा मी आणि वसंता मागच्या दारच्या पेंढ्याच्या उडवीवर जाऊन बसलो आणि जेवायला येईना. आई ओरडली, आत्यानं मनधरणी केली. अण्णा शाळेतून आले, उडवीकडे बघितलं आणि रागवायचं सोडून आनंदानं उडीच मारायचे बाकी राहिले. "अरे, हेच! अगदी हेच केलं गरीब लोकांनी. शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले, म्हणाले, आमचं ऐकणारा कुणी द्या, तरच परत येतो." पेंढ्यावर बसूनच तह झाला. रोमकरांनी त्या लोकांना त्यांचा स्वतःचा रक्षक दिला होता, अण्णांनी त्याला मराठी शब्द केला 'लोकरक्षक', आणि ते पद मिळालं मला, कारण मी सगळ्यांत लहान.

लोकरक्षकावर कुणी हात उगारायचा नाही. आईला हे फार जड गेलं. लोकरक्षकाच्या घराचं दार गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्यासाठी कायम उघडं हवं, म्हणून आमचं पुढचं दार सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उघडं राहू लागलं. रात्रीही उघडंच हवं असं अण्णा म्हणत होते, पण आईनं कुत्र्यांचा मुद्दा काढला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लोकरक्षकानं नुसतं 'मनाई' म्हटलं की कुठलाही ठराव जागच्या जागी थांबलाच पाहिजे. मग चारही मतं दुसरीकडे का असेनात. मात्र ही ताकद शहरापुरती. रोममध्ये ती वेशीपासून एका मैलाच्या आतच चालायची, बाहेर पाऊल पडलं की लोकरक्षक साधा माणूस. म्हणून अण्णांनी मला हाताला धरून कल्याणकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यानं चालवत नेलं आणि चुना लावलेला मैलाचा दगड दाखवला. "कुमुद, इथपर्यंत तू लोकरक्षक. याच्यापलीकडे मास्तरांची नाक गळणारी पोर."

लाच खाणं मी आपोआप शिकले. कारल्याला मनाई करायची आणि बेसनाचा लाडू मिळाला की मनाई मागे घ्यायची. असं दोन-तीनदा झाल्यावर अण्णांनी सभेत ठराव आणला, की एकदा केलेली मनाई वर्षभर मागे घेता येणार नाही, बोलायच्या आधी विचार करायला शिकलं पाहिजे. सगळ्यांनी हात वर केले. लाडू बंद झाले म्हणून मी रडले, पण ठराव पास झाला.

आत्या माझी होती. हे वाक्य आज लिहितानाही माझी मान ताठ होते. आईला वसंता, घर, सणवार होते, अण्णांना रोम होतं, आणि आत्याला मी. मी तिच्याजवळ झोपायची. तिच्या लुगड्याला राखेचा आणि आमसुलांचा वास यायचा. दुपारी भांडी झाली की ती मागच्या पायरीवर बसून माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायची आणि माझ्याच पुस्तकातून, तोंडात शब्द घोळवत, स्वतः शिकायची. अण्णांच्या मदतीनं ती घरीच वाचून शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. शेजारच्या चार मुली संध्याकाळी तिच्याकडे अक्षर गिरवायला यायच्या. उघड्या दारातून त्या बिचकत आत येत आणि आत्या म्हणायची, "या गं, हे लोकरक्षकाचं दार आहे, इथं विचारून यायचं नसतं." तिचा आवाज बारीक होता, पण शिकवताना तो खाली उतरायचा, भरायचा. ती वेगळीच बाई वाटायची. मला ती तशी आवडायची आणि भीतीही वाटायची.

एका रविवारी सभेत आत्यानं कनवटीतून एक पत्र काढलं. पुण्याला शिक्षिका तयार करण्याचं एक विद्यालय होतं, तिथं तिनं कुणाला न सांगता अर्ज पाठवला होता. दोन वर्षांचा अभ्यास, राहायची-जेवायची सोय तिथंच, वर थोडी शिष्यवृत्ती. तिला घेतलं होतं. "दादा, मला जायचंय," ती म्हणाली. "ठरावाला मांडते." 

मग अण्णांनी हात वर केला. पण ज्या हातानं ते एरवी रोम उभं करायचे तो हात कोपरातच वाकलेला होता. वसंतानं केला. आई म्हणाली, "तुम्ही सगळे म्हणाल तसं," आणि चटईची काडी ओढत राहिली. आत्यानं स्वतःचा हात वर केला आणि माझ्याकडे बघून हसली. दोन वर्षं. पायरी रिकामी, अंथरूण रिकामं.

"मनाई," मी म्हटलं.

आत्याचं हसू तसंच राहिलं, ओल्या भिंतीवरचा रंग राहतो तसं, आणि मग ओघळलं. मला वाटलं अण्णा आता रागावतील, म्हणतील की कुमे, पोरखेळ पुरे. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि लगेच, फारच लगेच, म्हणाले, "मनाई झाली. नियम तो नियम. विषय संपला." आईनं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

इतक्या वर्षांनी मला ते दोन आवाज सगळ्यात स्वच्छ आठवतात, तो श्वास आणि ते 'लगेच'. विधवा बहिणीला एकटी पुण्याला पाठवली म्हणून लोक काय म्हणतील, हे अण्णांच्या मनात होतं. दोन बायकांचं काम एकटीवर पडेल, हे आईच्या. दोघं भली माणसं होती, तोंडानं नाही म्हणवत नव्हतं. माझ्या एका शब्दाआड ती दोघं छान लपली. आणि आत्या? तिनं एकदा जरी म्हटलं असतं, की अरे, दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या बोलण्यावर माझं आयुष्य अडवता? पण ती म्हणाली नाही. ज्या नियमांनी तिला जुडी दिली, मत दिलं, ते तिच्यावर उलटले म्हणून तिनं मोडले असते, तर मग तिच्याकडे उरलं काय असतं? तिनं पत्राची घडी घातली आणि भात उतरवायला गेली.

त्यानंतरचे दिवस घरात कुणी कुणाशी वाईट बोललं नाही. आत्या माझी वेणी घालायची, पाढे घ्यायची, रात्री कुशीत घ्यायची. फक्त संध्याकाळी मुलींना शिकवताना तिचा आवाज खाली उतरेनासा झाला. बारीकच राहिला. पाऊस चांगला लागला होता, खाचरांत भाताच्या आवण्या सुरू झाल्या होत्या, कपडे वाळत नव्हते, आणि चुलीवर दोरी बांधून वाळत घातलेल्या कपड्यांतून अण्णा रोम वाचत होते, पण कुणी ऐकत नव्हतं. मी जिंकले होते आणि मला जेवण जात नव्हतं.

एका रविवारी सकाळी माझ्या झग्याचं बटण तुटलं. सुईदोरा आत्याच्या ट्रंकेत असायचा. आत्या विहिरीवर होती. मी खाटेखालून ट्रंक ओढली आणि उघडली. वरच दोन धुतलेली लुगडी, घडी करून. त्याखाली वह्या, दौत फडक्यात गुंडाळलेली, तांब्या, आणि कोपऱ्यात आमसुलांची पुडी. ट्रंक भरलेली होती. सभेला तीन आठवडे होऊन गेले होते, आणि तिनं ती रिकामी केलीच नव्हती. सुईदोऱ्याच्या डबीखाली ते पत्र होतं. सोमवारी सकाळपर्यंत हजर न झाल्यास जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली जाईल, असं त्यात होतं. तो सोमवार दुसऱ्याच दिवशी होता.

मी ट्रंक बंद करून पुन्हा आत सरकवली. बटण तसंच राहिलं. मनाई मागे घ्यायची सोय नव्हती, लाडवांपायी ती मीच घालवली होती. पण अण्णांनी मला हाताला धरून जे दाखवलं होतं ते मी विसरले नव्हते. पाटीवर मी लिहिलं, "लोकरक्षक हद्दीबाहेर गेली आहे. मनाई लागू नाही. आत्यानं जावं." पाटी उघड्या दाराच्या उंबऱ्यावर टेकवून ठेवली आणि चालू लागले.

मैलाच्या दगडापर्यंत मी पळतच गेले. दगडाच्या पुढे पाच पावलं मोजली, कमी पडायला नको म्हणून आणखी पाच, आणि बांधावर बसले. पाऊस बारीक होता, जवळजवळ धुकंच. दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेली खाचरं, पलीकडे रूळ. वाकून भात लावणाऱ्या बायकांतली एक मान वर करून माझ्याकडे बघत होती. ती जनाबाय, आमच्या घरी भाजी घेऊन यायची.

"मास्तरांची पोर ना गो तू? पावसान काय बसलीस हितं?"

"मी हद्दीबाहेर बसलेय," मी म्हटलं.

"बस बाय," ती म्हणाली, जणू रोज कुणीतरी बसतं. पण थोड्या वेळानं तिनं आपलं इरलं माझ्या डोक्यावर आणून ठेवलं आणि स्वतः पाठीवर पाऊस घेत पुन्हा वाकली.

मग रस्त्यावर छत्री दिसली. आत्या पळत नव्हती, पण चालतही नव्हती. दगडाशी येऊन थांबली. लुगडं पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेलं.

"कुमे, आत ये. भिजतेयस."

"नाही येणार. आत आले की मनाई पुन्हा लागू होईल."

"किती वेळ बसशील?"

"तुझी गाडी जाईपर्यंत." मग मला राहवलं नाही. "ट्रंक भरलेली आहे तुझी. मी बघितली. वसंताला सांग, तो स्टेशनवर नेईल. आत्या, जा ना गं. मी हे चुकून केलं. चुकून नाही, मुद्दाम केलं. पण आता जा."

तिनं दगडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हद्द तुला आहे ना? मला कुठं आहे?" आणि दगड ओलांडून आली. इरल्यासकट तिनं मला छातीशी धरलं. माझं डोकं पदरानं पुसलं, नाक पुसलं, तुटलेलं बटण बघितलं आणि स्वतःच्या पोलक्याची सेफ्टी पिन काढून तिथं लावली. "माझी शहाणी लोकरक्षक," ती म्हणाली, आणि तो आवाज खालचा होता, भरलेला, शिकवतानाचा. छत्री माझ्या हातात दिली आणि डोक्यावर पदर घेऊन आल्या वाटेनं परत निघाली. या वेळी मात्र पळत.

स्टेशनवर निरोप द्यायला मला जाता येणार नव्हतं, हे ती दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मी रडले. किती वेळ गेला कोण जाणे. मग पायांखालची जमीन बोलू लागली, आणि कल्याणकडे जाणारी गाडी आली, वर खरी आणि खाली खाचरांच्या पाण्यात उलटी, दोन्ही बरोबर धावत. बायकांच्या डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर होता. तो आत्याचा असेल किंवा पावसाचा अंदाज घेणाऱ्या दुसऱ्या कुणा बाईचा. मी छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली, तिला दिसावं म्हणून. पाण्यातली गाडी आधी मोडली, मग वरची वळणाआड गेली, आणि लावणीच्या बायकांनी थांबवलेलं गाणं पुन्हा धरलं.

अण्णा आले तेव्हा त्यांच्या खांद्यावरचा पंचा ओला होता. ते दगडावर बसले, नेमके हद्दीवर. "गेली," म्हणाले. "पुण्याच्या गाडीत बसवून द्यायला वसंता कल्याणपर्यंत गेलाय." मग समोरच्या खाचराकडे बघत म्हणाले, "कुमुद, हा खेळ आहे, असं त्या दिवशी मी म्हणायला हवं होतं. मला म्हणता येत होतं. मी म्हटलं नाही." आयुष्यात एवढं एकदाच मी त्यांना स्वतःबद्दल बोलताना ऐकलं. मी दगड ओलांडून आत आले आणि त्यांचं बोट धरलं. त्यांचं पुस्तक काही पुरं झालं नाही. उत्तरपत्रिकांचा तो गठ्ठा माझ्या कपाटात आहे, आणि लोकरक्षकाच्या प्रकरणात त्या हद्दीच्या ओळीखाली त्यांनी मागाहून पेन्सिलनं रेघ मारलेली आहे.

आत्या पुढे एका मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. दर दिवाळीला यायची, मुलींच्या गोष्टी सांगायची. पण तिच्या वर्गाचं दार कधी बंद नसतं, हे आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. तो मैलाचा दगड आता रस्त्याच्या पोटात गेला. परवा मुलाला दाखवायला गेले तर तिथं टायरचं दुकान होतं.

पण मला सांगायचं होतं ते त्याच महिन्याच्या अखेरीचं. तो आईचा महिना होता, आणि पहिली तारीख आली तेव्हा पाळी आत्याची होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले. मनात म्हटलं, आता जुडी कायमची आईच्या खुंटीवर राहणार, आणि आई तिच्या काड्या सोडून अंगण झाडणार. आई चुलीपुढे बसली होती, पाठमोरी. जुडी आत्याच्या खुंटीवर होती. नाडीची गाठ नीट केलेली.

जेवताना पहिला घास घेतला आणि अण्णांचा हात ताटावर थांबला. आमटीत आमसूल होतं.